शॉकॲब्सॉर्बरची चावी किती फिरवावी?

काही नावे वस्तूची ओळख करून देण्याऐवजी दिशाभूलच करतात. ‘शॉकॲब्सॉर्बर’ हे त्यांपैकी एक. गॅरेजमध्ये त्याचा ‘शॉकअप’ झाला तरी समज तोच राहतो, की रस्त्यावरचा धक्का हे नळकांडे पिऊन टाकते. वस्तुतः धक्का सोसते ती स्प्रिंग. गाडीचे वजनही तीच पेलते. खड्ड्यात किंवा उंचवट्यावर चाक हलले की स्प्रिंग दाबली जाते, ऊर्जा साठवते आणि मग ती परत करू लागते. ही परतफेड थांबविणारे कोणी नसेल तर गाडी झोपाळ्यासारखी वरखाली होत राहील. ती थांबविण्याचे, म्हणजे दोलनांचे अवमंदन करण्याचे काम या नळकांड्याचे. इंग्लंडात त्याला ‘डॅम्पर’ म्हणतात, आणि हे नाव अधिक प्रामाणिक आहे.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. ज्यांच्या शॉकॲब्सॉर्बरला कमीजास्त करण्याची चावी असते, अशा गाड्यांच्या मालकांचा निम्मा घोटाळा या नावामुळेच होतो. ‘घट्ट केला की गाडी रस्त्याला अधिक चिकटते’ असे ठामपणे सांगणारे मी अनेक पाहिले. हे विधान काही मर्यादेपर्यंत खरे आहे आणि त्या मर्यादेपलीकडे धोक्याचे आहे. ती मर्यादा कोठे असते आणि ती कशी शोधावी, एवढेच या लेखात सांगायचे आहे. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना यातले गणित नवे नाही. प्रयोगशाळेत लंबक आणि स्प्रिंग घेऊन आपण जे करतो, तेच येथे चार चाकांवर करायचे असते.

उदाहरण म्हणून मी जी गाडी घेतो ती जपानी आहे, तिचे शॉकॲब्सॉर्बर हॉलंडचे आहेत आणि मी ती पाहिली इंग्लंडात. माझा भाचा तिकडे नोकरीला आहे. त्याच्याकडे तीन महिने राहण्याचा योग आला, तेव्हा त्याच्या दारात १९९० सालची माझदा एमएक्स-५ उभी होती. दोन आसनांची, उघड्या टपाची ही छोटी गाडी १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली. पुढे इंजिन, मागच्या चाकांना गती, आणि वजन साडेनऊशे किलोंच्या आसपास. ‘जिन्बा इत्ताई’, म्हणजे स्वार आणि घोडा एकजीव, हे तिच्या निर्मात्यांचे सूत्र. २०१६ च्या एप्रिलमध्ये हिरोशिमाच्या कारखान्यात या जातीची दहा लाखावी गाडी तयार झाली. भारतात ती कंपनीने कधी विकायला आणली नाही, म्हणून आपल्या रस्त्यांवर ती दिसत नाही.

इतक्या वर्षांच्या गाडीचे मूळचे शॉकॲब्सॉर्बर थकलेले असणारच. भाच्याने ते काढून कोनी या डच कंपनीचे पिवळ्या रंगाचे बसविले होते. या कंपनीची गंमत अशी, की १८५७ साली तिचा आरंभ झाला तो घोडागाडीच्या साजसामानाच्या धंद्यातून. स्वार आणि घोडा एकजीव करू पाहणाऱ्या गाडीला लगाम मिळाला तोही साज करणाऱ्याच्या घराण्यातला! या शॉकॲब्सॉर्बरच्या दांड्याच्या टोकाला एक छोटी खुंटी असते आणि ती फिरवायला सोबत प्लॅस्टिकची चावी मिळते. पुढची दोन टोके बॉनेट उघडले की दिसतात, मागची दोन डिकीत असतात. गाडी जॅकवर न चढविता उभ्याउभ्या चावी फिरविता येते. सोय एवढी, की मोहही तेवढाच.

आता आत काय घडते ते पाहू. बँकेच्या किंवा कचेरीच्या दाराला वरच्या बाजूला आपोआप दार मिटविणारी एक पेटी असते. दार उघडताना आतली स्प्रिंग दाबली जाते. सोडले की स्प्रिंग दार ओढते, पण तेल बारीक वाटेने जायला वेळ लागतो म्हणून दार धाडकन आपटत नाही. पेटीच्या बाजूचा स्क्रू फिरविला की ही वाट अरुंद किंवा रुंद होते आणि दार सावकाश किंवा झटपट मिटते. शॉकॲब्सॉर्बर म्हणजे तीच युक्ती. तेलाने भरलेल्या नळीत एक दट्ट्या, त्याला बारीक छिद्रे, आणि छिद्रांवर पोलादी पातळ चकत्यांच्या किंवा स्प्रिंगच्या झडपा. दट्ट्या हलला की तेल या वाटांतून रेटले जाते, विरोध करते आणि तापते. स्प्रिंगने परत केलेली ऊर्जा अशी उष्णतेत खर्ची पडते. खराब रस्त्यावर बराच वेळ गाडी पळवून शॉकॲब्सॉर्बरला हात लावला तर तो गरम लागतो, तो याच कारणाने.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. स्प्रिंगचे बल ती किती दाबली गेली यावर अवलंबून असते. डॅम्परचे बल तो किती वेगाने हलतो यावर. हालचाल थांबली की डॅम्परचे बल शून्य. म्हणून उभ्या गाडीची उंची चावी फिरवून बदलत नाही. लांबलचक एकसारख्या वळणावर गाडी एका बाजूला कलून स्थिर झाली असेल, तर तेव्हाचा कल स्प्रिंगा आणि आडवा दांडा ठरवितात, डॅम्पर नव्हे. त्याची सत्ता चालते ती वळणात शिरताना, बाहेर पडताना, ब्रेक दाबताना आणि रस्ता उंचसखल असताना. चावी फिरवून आपण गाडीची ताकद बदलत नाही, तिची वेळ बदलतो.

आणखी एक भेद. चाक वर येते तेव्हा नळकांडे दबते, खाली जाते तेव्हा लांबते. या दोन दिशांना वेगवेगळ्या झडपा असतात. रस्त्यावरच्या गाड्यांत सामान्यतः लांबतानाचा विरोध दबतानाच्या विरोधाहून जास्त ठेवतात, कारण साठलेली ऊर्जा परत येताना अडवायची असते. भाच्याच्या गाडीवरच्या या शॉकॲब्सॉर्बरची चावी फक्त लांबतानाचा विरोध कमीजास्त करते. पुढे जे सांगणार आहे त्याची किल्ली येथे आहे.

थोडे गणित करू. आकडे उदाहरणापुरते, सोपे घेतो. एका चाकावर गाडीच्या सांगाड्याचे २०० किलो वस्तुमान आहे आणि चाकापाशी मोजलेली स्प्रिंगची कठीणता मीटरला २०,००० न्यूटन आहे असे समजा. भागाकार १००, वर्गमूळ १०, त्याला ६·२८ ने भागले की सेकंदाला सुमारे १·६ दोलने. सांगाडा याच गतीने डुलतो. हे डुलणे एकही हेलकावा न घेता थांबावे यासाठी लागणारे अवमंदन, म्हणजे पाठ्यपुस्तकातले ‘क्रांतिक अवमंदन’, येथे ४,००० न्यूटन-सेकंद प्रतिमीटर येते.

आता याच्या किती हिश्शाने अवमंदन ठेवावे? हिस्सा एकदशांश असेल, तर दाबून सोडलेली गाडी मूळ जागा ओलांडून पहिल्या हेलकाव्याच्या ७३ टक्के पलीकडे जाते. थकलेला शॉकअप म्हणतात तो हा. हिस्सा ०·३ असेल, तर ३७ टक्के. घरगुती गाड्या साधारण या परिसरात असतात. हिस्सा ०·७ असेल, तर अवघे ५ टक्के. गाडी एकदाच हलून शांत बसते, सुकाणू फिरविले की तत्काळ वळते, चालकाला वाटते वाहवा!

मग ‘घट्ट तेवढे चांगले’ असे म्हणणाऱ्याचे चुकले कोठे? चुकले ते येथे, की त्याने फक्त सांगाड्याचा विचार केला. डॅम्परला धनी दोन आहेत. एक वर बसलेला सांगाडा आणि दुसरे खाली धावणारे चाक. चाक, त्याचा गाभा आणि ब्रेक मिळून समजा ३० किलो. ते टायरच्या लवचीकपणावर नाचते, आणि टायर स्प्रिंगच्या मानाने कितीतरी ताठ असतो. म्हणून चाकाचे दोलन सेकंदाला १० ते १५ वेळा होते. सांगाड्याला संथ लगाम हवा असतो. चाकाला खड्डा आला की चटकन खाली उतरण्याची मोकळीक हवी असते. एकाच नळकांड्याने दोघांची मर्जी राखायची आहे.

मोकळीक नसेल तर काय होते? चाक उंचवट्यावरून वर गेले आणि स्प्रिंग त्याला पुन्हा खाली ढकलते आहे असे समजा. डॅम्परचा विरोध ४,००० असेल, तर त्याला स्प्रिंगच्या २०,००० ने भागून ०·२ सेकंद हा परतीचा काळ मिळतो. विरोध १,२०० असेल तर ०·०६ सेकंद. आता रस्त्यावर दर तीन मीटरला एक उंचवटा आहे आणि गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर आहे. दोन उंचवट्यांमध्ये ०·१८ सेकंद मिळतात. ढिल्या डॅम्परवर चाक तेवढ्यात ९५ टक्के परत येते. घट्ट डॅम्परवर येते ५९ टक्के. उरलेल्या ४१ टक्क्यांवर पुढचा उंचवटा येऊन आदळतो. अशी बाकी साठत जाते. दबण्यावर विरोध कमी आणि लांबण्यावर फार जास्त, म्हणून गाडी पायरीपायरीने खाली बसत जाते. सावकाराच्या व्याजासारखा हा प्रकार. पहिला हप्ता पुरा फिटण्याआधी दुसरा उभा!

खाली बसत गेलेली गाडी अखेर ‘बंप स्टॉप’ या रबरी ठोकळ्यावर टेकते. एमएक्स-५ बसकी आहे, तिच्या चाकाला वर जायला जागा बेताचीच. ठोकळ्यावर टेकताच त्या कोपऱ्याची कठीणता एकदम कित्येक पटींनी वाढते. हे वळणात घडले तर त्या बाजूच्या टायरवर भार अचानक लादला जातो, दुसऱ्या बाजूचे चाक अधांतरी होते आणि पकड सुटते.

भाच्याच्या गाडीचे नेमके हेच झाले होते. ओळखीच्या एका हौशी मित्राच्या सल्ल्याने त्याने चारही चाव्या शेवटपर्यंत घट्ट केल्या होत्या. मित्राची गाडी शर्यतीच्या गुळगुळीत धावपट्टीसाठी होती, आणि तेथे तिचे छान चालत असे. पण आम्ही गेलो पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरात. तेथले आडरस्ते वळणाचे, दगडी कुंपणांमधून जाणारे आणि ठिगळांवर ठिगळे लावलेले. एका डावीकडच्या वळणावर अशीच चारसहा ठिगळे एकापाठोपाठ आली. गाडी थरथरली, मागची बाजू उजवीकडे उडाल्यासारखी सरकली आणि अर्धा हात समोरच्या वाहतुकीच्या बाजूला गेली. समोरून दूधवाल्याचा टँकर येत होता. वेग बेताचा होता आणि भाच्याने घाबरून ब्रेक मारला नाही, म्हणून निभावले. टँकर निघून गेल्यावर तो म्हणाला, “मामा, मला वाटलं टायर गेला.” टायर शाबूत होता. शॉकॲब्सॉर्बरमध्येही दोष नव्हता. त्याला जे सांगितले होते ते तो चोख करीत होता.

दुसऱ्या रविवारी आम्ही पद्धतशीर कामाला लागलो. ती पद्धत येथे क्रमाने देतो, कारण कोणत्याही समायोज्य डॅम्परला ती लागू पडते.

प्रथम चावीला हात लावूच नये. टायरमधली हवा थंड असताना मोजावी. या गाडीला कारखान्याने २६ पौंड सांगितले आहेत. भाच्याच्या टायरांत ३२ होते. जास्त हवेने ताठ झालेला टायर आणि घट्ट डॅम्पर यांचे लक्षण चालकाला सारखेच भासते. मग बुश, सांध्यांचे रबर, नट, आणि चारही टायरांची झीज पाहावी. सैल बुशाचा खडखडाट चावीने कधी जात नाही.

त्यानंतर चारही चाव्या ढिल्या टोकाला न्याव्यात. कोणत्या दिशेला ढिले आणि कोणत्या दिशेला घट्ट, हे सोबतच्या कागदावर आणि खुणेच्या बाणावर पाहून घ्यावे, अंदाजाने फिरवू नये. शेवट आला की हाताला कळते. तेथे जोर लावला तर आतली झडप बिघडते. ढिल्या टोकापासून घट्ट टोकापर्यंत किती फेऱ्या होतात ते एकदा मोजावे. पुष्कळ नमुन्यांत त्या दोनच्या आसपास असतात. येथून पुढे सारी मोजणी ढिल्या टोकापासून करावी. ढिले टोक हीच खरी सुरुवात, कारण समायोजनाची सोय मुळात शर्यतीपेक्षा झीज भरून काढण्यासाठी अधिक उपयोगी. पाचसहा वर्षांनी विरोध उणावला की थोडे घट्ट करायचे. आजच शेवटपर्यंत घट्ट करून टाकले तर उद्यासाठी काही उरत नाही.

तिसरी गोष्ट, एकच रस्ता निवडावा. पाचसात किलोमीटरचा, थोडा गुळगुळीत, थोडा ठिगळांचा, एकदोन मोठी वळणे असलेला, आणि वर्दळ नसलेला. दर वेळी तोच रस्ता, तोच वेग, तेवढेच पेट्रोल आणि तेवढीच माणसे. वेग कायद्याच्या आतला. पकड कोठे सुटते हे शोधायचे नसून गाडी कधी शांत बसते हे शोधायचे आहे. त्याला साधा वेग पुरतो.

चौथी गोष्ट, एका वेळी एकच बदल. पाव फेरी, आणि ती एका आसाच्या दोन्ही बाजूंना सारखी. डावीउजवीकडे फरक ठेवला तर डावे वळण एक आणि उजवे वळण दुसरे, अशी गाडी होते. पुढचे आणि मागचे एकदम बदलले तर फरक कशाने पडला हे सांगता येत नाही. हे तत्त्व आपण प्रयोगवहीत लिहितो आणि वहीबाहेर आल्यावर विसरतो.

पाचवी गोष्ट, काय पाहायचे ते आधी ठरवावे. उंचवट्यानंतर गाडी दोनतीनदा डुलली तर अजून ढिले आहे. एकदाच हलून बसली तर बरोबर. डुलणे नाहीसे होऊन थरथर सुरू झाली, बारीक ठिगळेही पाठीच्या कण्याला कळू लागली, आणि ओळीने उंचवटे आल्यावर गाडी खाली दबल्यासारखी वाटली, तर मर्यादा ओलांडली. तेव्हा पाव फेरी मागे. वळणात शिरताना नाक बाहेर जाऊ लागले तर पुढचे प्रमाणाबाहेर घट्ट आहे. शेपूट सैल वाटली तर मागचे. गाडीचा कोपरा हाताने दाबून पाहण्याची गॅरेजमधली रीत थकलेला शॉकअप ओळखायला बरी, पण एवढा सूक्ष्म फरक तिने कळत नाही. हाताच्या दाबाचा वेग आणि ठिगळावरच्या चाकाचा वेग यांत फार अंतर आहे.

सहावी गोष्ट वहीची. आम्ही चार रकाने आखले. तारीख व हवामान, पुढच्या फेऱ्या, मागच्या फेऱ्या आणि शेरा. शेरा गाडी चालविणाऱ्याने सांगायचा आणि शेजारी बसलेल्याने लिहायचा. चावी किती फिरविली हे चालविणाऱ्याला सांगायचे नाही, असा मी नियम घातला. भाचा कुरकुरला, “मामा, गाडी माझी आहे!” मी म्हटले, “गाडी तुझीच रे, पण मत तुझं हवंय, आकड्याचं नको.” घट्ट केले आहे हे माहीत असले की माणसाला गाडी आपोआप चपळ वाटू लागते. खरे म्हणजे शास्त्राच्या प्रयोगात सर्वांत मोठा अडथळा यंत्राचा नसतो, आपल्या अपेक्षेचा असतो.

तीन रविवार गेले. अखेर गाडी सुखी झाली ती पुढे पाऊण फेरी आणि मागे अर्ध्या फेरीवर. पहिल्या शेऱ्यात ‘होडीसारखी’ असे लिहिलेली गाडी येथे एकदाच हलून बसत होती. त्याच डावीकडच्या वळणावरची तीच ठिगळे त्याच वेगाने ओलांडली, तेव्हा चाके एकामागून एक खाली उतरल्याचे नुसते ऐकू आले. हे आकडे कोणी उतरवून घेऊ नयेत. टायर निराळे, स्प्रिंग निराळी, रस्ता निराळा, की उत्तरही निराळे. घेण्यासारखी आहे ती रीत.

आपल्यापैकी फार थोड्यांच्या दारात दोन आसनी गाडी येईल, पण मोटारसायकल पुष्कळांच्या आहे. तिच्या मागच्या शॉकअपवर खाचांची एक गोल कडी असते. आपल्याकडच्या अनेक मोटारसायकलींना अशा पाच खाचा असतात. ही कडी चढविली की ‘शॉकअप टाइट केला’ असे आपण म्हणतो. ते खरे नाही. त्या कडीने फक्त स्प्रिंग अगोदरच थोडी दाबून ठेवली जाते. मागे माणूस किंवा ओझे असेल तेव्हा गाडी फार बसू नये एवढाच तिचा उपयोग. स्प्रिंगची कठीणता तीच राहते आणि तेलाच्या वाटेला कडीचा स्पर्शही होत नाही. तेव्हा खड्ड्यानंतर मोटारसायकल झुलत राहत असेल आणि नळकांड्यावरून तेलाचा ओघळ आलेला दिसत असेल, तर कडी कितीही फिरविली तरी ते झुलणे थांबणार नाही. ज्या तेलाने ते थांबवायचे ते तेलच बाहेर गेले आहे. अशा वेळी घाटात उतरण्यापूर्वी पाना कडीला न लावता शॉकअपच्या नटाला लावावा, आणि जोडी एकदम बदलावी.